सागरी प्लास्टिक कचऱ्याचे अनुमान

जमिनीवरचा किती प्लास्टिक कचरा दरवर्षी समुद्रात जातो, याचा गणिताने बांधलेला अंदाज. हा आकडा प्रत्यक्ष मोजलेला नसतो. जगातला प्रत्येक नाला, नदी आणि किनारा यांवर पहारा ठेवणे अशक्य असल्याने, मोजता येणाऱ्या गोष्टींवरून न मोजता येणाऱ्याकडे जावे लागते. वेगवेगळ्या अभ्यासांत काही लाख टनांपासून सव्वा कोटी टनांपर्यंत फरक पडतो, तो त्यामुळेच.

सर्वांत जास्त उद्धृत झालेला अंदाज अमेरिकी संशोधक जेना जँबेक आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडला. त्यांनी १९२ देशांत किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत राहणारी लोकसंख्या घेतली. तिला दरडोई कचरा, त्यातला प्लास्टिकचा वाटा आणि नीट विल्हेवाट न लागणाऱ्या कचऱ्याचे प्रमाण यांनी गुणले. २०१० या वर्षासाठी असा बेवारस प्लास्टिक कचरा ३ कोटी १९ लाख टन निघाला. यातला १५ ते ४० टक्के समुद्रात पोचतो असे धरल्यावर उत्तर आले ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन. सगळी मेख या शेवटच्या टक्केवारीत आहे. ती सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरातील माहितीच्या आधारे ठरवली होती आणि तीच मनिला, लागोस, मुंबईलाही लागू केली. अभ्यासकांनी म्हणूनच मोठा पल्ला दिला होता. बातम्यांत मात्र या पल्ल्यातला मधला आकडा, ‘८० लाख टन’, एवढेच उरले, आणि पल्ला गाळलेला आकडा खात्रीचा वाटू लागतो.

त्यानंतर लक्ष नद्यांकडे वळले. २०१७ मध्ये लेब्रेतों आणि सहकाऱ्यांनी नद्यांवाटे वर्षाला ११.५ ते २४.१ लाख टन प्लास्टिक समुद्रात जाते असे मांडले. त्याच वर्षी श्मिट आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून, नद्यांनी आणलेल्या एकूण प्लास्टिकपैकी ८८ ते ९५ टक्के फक्त दहा नद्यांमधून येते असा निष्कर्ष निघाला. यांगत्से, सिंधू, गंगा, नाईल या त्यांतल्या काही. पुढे हे वाक्य ‘समुद्रातले नव्वद टक्के प्लास्टिक दहा नद्यांतून येते’ असे फिरले. मूळ विधान फक्त नद्यांच्या वाट्याबद्दल होते.

२०२१ मध्ये मेयर आणि सहकाऱ्यांनी हे चित्र पालटले. पाणलोटात किती कचरा आहे एवढेच न पाहता पाऊस, वारा, उतार, जमिनीचा वापर आणि नदी व समुद्रापासूनचे अंतर यांवरून तो वाहून जाण्याची शक्यता त्यांनी काढली. उत्तर ८ ते २७ लाख टन आले, आणि ८० टक्के भार हजाराहून जास्त नद्यांवर विभागला गेला. लांबलचक नद्या मागे पडून दाट शहरांतून समुद्राला भिडणाऱ्या आखूड नद्या वर आल्या. पहिला क्रमांक मनिलातल्या पासिग नदीचा. पहिल्या दहांत आपली उल्हासही आहे. राजमाचीच्या परिसरातून निघून कर्जत, बदलापूर, उल्हासनगर, कल्याण अशा वस्त्यांमधून येणारी ही नदी वसईच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. सह्याद्रीचा पाऊस, काठावरची गर्दी आणि जवळचा समुद्र हे तिन्ही तिच्या बाबतीत एकत्र येतात. हे स्थान गणिती प्रारूपाने (मॉडेलने) दिलेले आहे. तरी ते हलक्याने घ्यावे असे नाही.

अशी प्रारूपे ताडून पाहण्यासाठी लागणारी मोजणी साधी असते. निरीक्षक पुलावर उभे राहतात, खालच्या पाण्याचा ठरावीक रुंदीचा पट्टा धरतात आणि काही मिनिटांत वाहत गेलेल्या पिशव्या, बाटल्या, पुड्या मोजून पुढच्या जागी सरकतात. तुकड्यांच्या संख्येला सरासरी वजनाने गुणले की टन मिळतात. पाण्याखालून जाणारे यात सुटते. त्याहून मोठी अडचण पुराची आहे: ज्या तासांत सर्वांत जास्त कचरा वाहतो, त्याच तासांत पुलावर उभे राहून मोजणे सर्वांत कठीण असते. पावसाळी देशांचे आकडे वाचताना हे विसरू नये.

दुसरी वाट समुद्राच्या बाजूने जाते. जहाजामागे बारीक जाळे ओढून पृष्ठभागावरचे तुकडे गाळले जातात. अशा नोंदींवरून एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ५.२५ लाख कोटी तुकडे आणि सुमारे २ लाख ६९ हजार टन तरंगते प्लास्टिक असा अंदाज दिला. वर्षाला ८० लाख टन जात असेल तर बाकीचे गेले कुठे? काही बुडते, बाटल्यांचे पीईटी आणि पाइपांचे पीव्हीसी ही प्लास्टिके पाण्यापेक्षा जडच असतात, आणि पॉलिथिनवर शेवाळ व शिंपले चढले की तेही खाली जाते. बरेचसे किनाऱ्यावरच अडकते. आषाढातल्या उधाणात मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून आत फेकला जाणारा कचरा हा त्याचाच भाग. पण हरवलेल्या प्लास्टिकचे कोडे काही अंशी आवक फुगवून धरल्यानेही पडले असावे. कांडोर्प आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये निरीक्षणे आणि प्रारूप यांची सांगड घालून आवक वर्षाला सुमारे ५ लाख टन आणि समुद्रातल्या तरंगणाऱ्या प्रकारच्या प्लास्टिकचा एकूण साठा सुमारे ३२ लाख टन काढला. आवक कमी, साठा जास्त, म्हणजे प्लास्टिक पृष्ठभागावर आधी वाटले त्याहून दीर्घकाळ टिकते. लहान आकड्याने हायसे वाटण्याचे कारण नाही.

जँबेक यांच्या हिशेबात मासेमारीची जाळी धरलेली नव्हती. उत्तर प्रशांत महासागरातल्या मोठ्या कचरापट्ट्यात २०१८ च्या अभ्यासानुसार सुमारे ७९ हजार टन प्लास्टिक आहे, आणि वजनाने त्यातले ४६ टक्के जाळ्यांचे आहे.