होटगी रोडचा विमानतळ : कचरा, पाणी आणि घारी

सोलापूरच्या होटगी रोडवरच्या विमानतळाची चर्चा कितीतरी वर्षं एका चिमणीभोवती फिरत राहिली. सिद्धेश्वर साखर कारखान्याची, विमानांच्या वाटेत अडथळा ठरलेली ती धुराची चिमणी जून २०२३मध्ये पाडली गेली. सप्टेंबर २०२४मध्ये नूतनीकरण झालेल्या विमानतळाचं उद्घाटन झालं, जून २०२५मध्ये गोव्याची आणि ऑक्टोबरात मुंबईची सेवा सुरू झाली. फेऱ्या वाढतील तसा पर्यावरणावरचा ताणही वाढणार. सोलापुरात हा ताण धुरापेक्षा आधी कचरा, पाणी आणि पक्षी या तिघांच्या गुंत्यात दिसेल.

घारीचं वजन साधारण पाऊण किलो. ताशी २०० किलोमीटर वेगाने उतरणाऱ्या विमानाला ती धडकली, तर त्या आघातात जवळपास ११५० ज्यूल ऊर्जा असते. बारा किलोचं पोतं दहा मीटरवरून पडावं, तेवढा तो दणका. वेग दुप्पट झाला की दणका चौपट होतो. काच, पंखा, इंजिनाचं तोंड ही नाजूक ठिकाणं. बहुतेक धडका उड्डाण करताना किंवा उतरताना, कमी उंचीवरच होतात, त्यामुळे उपायही जमिनीवरच करावा लागतो.

विमान नियम, १९३७मधला ९१वा नियम विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत जनावरं कापायला आणि कचरा-घाण टाकायला मनाई करतो. होटगी रोडवरून एवढं अंतर मोजलं तर जवळपास सगळं सोलापूर शहर त्यात येतं. पण नुसत्या मनाईने काम होत नाही. मांसविक्रेत्याचा कचरा रोज उचलला गेला नाही, तर तो रात्री ओढ्यात पडतो आणि घारी तिथे जमतात. कचरा झाकणाच्या डब्यात ठेवायचा आणि बंद गाडीतून पहाटेच उचलायचा. ऊन तापलं की गरम हवेचे झोत उठतात, त्यांवर घारी गिरक्या घेत वर चढतात. त्याआधी खाली काही उरलेलं नसावं. मेलेल्या जनावरांसाठीही वेगळी गाडी आणि ठरलेली जागा हवी.

धावपट्टीलगतच्या गवताकडे तितकंच लक्ष द्यावं लागतं. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी पंख फुटलेली वाळवी बाहेर पडते. तिच्यामागे कोतवाल पक्षी येतात, घारीही येतात. उघड्या मुरमावर टिटवी चार अंडी घालते आणि माणूस जवळ आला की डोक्यावर घिरट्या घालत ओरडते. गवत कापायचं यंत्र फिरू लागलं की उडणारे किडे टिपायला गायबगळे त्याच्या मागे लागतात, म्हणून कापणी विमानांच्या वेळा सोडून करायची आणि कापलेलं गवत लगेच उचलायचं. नुसता गॅस गनचा (पक्षी हाकलायला बार काढणाऱ्या यंत्राचा) आवाज पक्ष्यांना थोड्याच दिवसांत सवयीचा होतो. जागा, वेळ, उपाय सतत बदलत राहिले तरच त्याचा उपयोग. प्रत्येक धडकेची नोंद हवी: पक्षी कोणता, जागा कुठली, वेळ कोणती. नुसतं पीस सापडलं तरी ते जपून ओळखीसाठी पाठवावं, कारण घार आणि टिटवी यांच्यावरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

पाण्याचा हिशोब तर चक्रावणारा आहे. २००० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद धावपट्टी धरा. तिच्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडला की १५ लाख लिटर पाणी होतं. आपल्यासारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात ते वाया घालवणं पटत नाही. पण धावपट्टीशेजारी शेततळं खोदलं तर बगळे आणि बदकं हमखास येतील. अमेरिकेच्या विमान प्रशासनाचा दंडक असा, की विमानतळाजवळचं साठवण पाणी ४८ तासांत निचरून जावं. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी झिरपू देत नाही. म्हणून जाळीच्या गटारातून पाणी आधी गाळकुंडात आणि मग मुरूम व भेगाळ खडकापर्यंत गेलेल्या पुनर्भरण विहिरीत न्यायचं. विमानं उभी राहतात तिथलं पाणी वेगळं ठेवायचं, कारण त्यात इंधन आणि तेल असतं. ते तेल वेगळं करणाऱ्या तेल-सापळ्यातून गेल्याशिवाय जमिनीत सोडू नये. गाळकुंड जूनच्या आत उपसलं नाही तर विहिरीतले गाळणीचे थर बुजतात आणि विहीर निकामी होते.

आवाजाबाबत केंद्राचे २०१८चे निकष आहेत. वर्षाला ५० हजारांपेक्षा कमी ये-जा असलेल्या विमानतळांसाठी दिवसा ६५ आणि रात्री ६० डेसिबल. मोजणी आत्ताच, फेऱ्या थोड्या असताना सुरू केली तरच पुढे तुलना करता येईल. विमानमार्गाखाली नवी घरं आणि शाळा उभ्या राहू न देणं हा सर्वांत स्वस्त उपाय.

उभ्या विमानाचा धूर मात्र सहज कमी होतो. गोव्याच्या सेवेतल्या एटीआर ७२ विमानाला उभं असताना वीज देणारं वेगळं सहायक इंजिन नसतं. पंख्याला ब्रेक लावून उजवं इंजिन चालू ठेवलं की वीज मिळते. जमिनीवरून वीज दिली तर ते इंजिन बंद राहू शकतं. ती वीज मात्र सौर असावी. सोलापूरजवळच्या आहेरवाडीच्या १३२० मेगावॉटच्या कोळशावरच्या वीजप्रकल्पातून ती घेतली तर धूर फक्त जागा बदलतो.

सोलापूरजवळच्या बोरामणीच्या माळावर प्रस्तावित असलेल्या दुसऱ्या विमानतळाच्या बाबतीत सोलापूरकरांनी एक आग्रह धरायला हवा. माळरान म्हणजे पडीक जमीन नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्यामुळे ओळखला जाणारा आपला जिल्हा काळवीट आणि लांडग्याचंही घर आहे. गेलेल्या माळाच्या बदल्यात दुसऱ्या माळावर झाडं लावली तर दोन्ही माळ जातात. भरपाई गवताळ जमीन राखूनच व्हावी. आणि पाहणी एकाच ऋतूत उरकू नये: हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी येतात, माळावरच्या पक्ष्यांची वीण उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात चालते. उन्हाळ्यातल्या दोन आठवड्यांच्या यादीत यातलं निम्मंही येणार नाही.