पाण्याखालील कॅमेरा हाउसिंगला बाह्य फ्लॅश जोडणे

पाण्याखालच्या छायाचित्रणात कॅमेरा ज्या जलरोधक कवचात बसवतात त्याला हाउसिंग म्हणतात. या कवचाबाहेर बसवलेला फ्लॅश, म्हणजे स्ट्रोब, कॅमेऱ्याच्या शटरबरोबरच पेटावा यासाठी हाउसिंगमध्ये करावा लागणारा फेरफार हा या नोंदीचा विषय आहे.

कोकण किनाऱ्यावर हा फेरफार जवळजवळ अनिवार्य ठरतो. ऑक्टोबर ते मे या डायव्हिंगच्या हंगामातही मालवण, तारकर्ली आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडपांवर पाणी पूर्ण निवळ क्वचितच मिळते. खाड्यांचा गाळ, तळाची बारीक वाळू आणि प्लवक पाण्यात तरंगत असतात. कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश भिंगाला चिकटूनच असल्याने त्याचा उजेड या कणांवरून थेट भिंगात परततो आणि चित्रभर पांढरे ठिपके पडतात. स्ट्रोब दांड्यावर २५-३० सेंटिमीटर बाजूला नेऊन किंचित बाहेरच्या दिशेला वळवला, की झोताची फक्त कड माशावर पडते आणि मधले पाणी अंधारात राहते. विजयदुर्गपासून समुद्रात सुमारे १०० किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँकेवर (पाण्याखालच्या प्रवाळी पठारावर) गढूळपणाचा त्रास कमी, पण लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच शोषला जात असल्याने फ्लॅश तिथेही लागतोच.

संदेश बाहेर नेण्याचे मार्ग दोन: प्रकाशाचा आणि तारेचा. पॉलिकार्बोनेटचे (एका कठीण प्लॅस्टिकचे) पारदर्शक हाउसिंग असेल तर प्रकाशाचा मार्गच घ्यावा, कारण त्यात भोक पाडावे लागत नाही. कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश ज्या जागी उजेड टाकतो तिथे बाहेरून १ मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिक ऑप्टिकल फायबरचे टोक टेकवायचे आणि दुसरे टोक स्ट्रोबच्या सेन्सरवर बसवायचे. फायबर नव्या पात्याने काटकोनात कापावा. चेचलेल्या टोकातून बराच उजेड वाया जातो. फायबरभोवतीचा भाग काळ्या टेपने झाकावा, म्हणजे अंगच्या फ्लॅशचा उजेड पाण्यात सांडत नाही आणि उन्हाने सेन्सर दिपत नाही. अंगचा फ्लॅश मॅन्युअलवर सर्वांत कमी शक्तीला ठेवावा. ऑटोवर ठेवला तर तो आधी एक चाचणीचा झोत टाकतो, साधा स्ट्रोब त्यालाच फसून आधी पेटतो आणि चित्र काळे येते.

कॅमेऱ्याला अंगचा फ्लॅश नसेल तर हॉट-शूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेत, एलईडी बसवतात. दोन सीआर२०३२ बटणसेल एकसरीत जोडून ६ व्होल्ट घ्यायचे, १० किलो-ओहमच्या रोधातून ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर भरायचा आणि तो ४७ ओहमचा रोध व एलईडी यांतून हॉट-शूकडे रिकामा होऊ द्यायचा. धन बाजू हॉट-शूच्या मधल्या टिकलीकडे, ऋण बाजू त्याच्या कडेच्या रुळाकडे. कपॅसिटर वगळून सेल थेट जोडले तर काही कॅमेऱ्यांचा इलेक्ट्रॉनिक स्विच एकदा बंद झाला की उघडतच नाही आणि एलईडी जळत राहतो. १० किलो-ओहममधून येणारा प्रवाह इतका थोडा असतो, की स्विच आपोआप सुटतो. काही स्ट्रोबचे सेन्सर फक्त खऱ्या फ्लॅशच्या झटक्यालाच दाद देतात. म्हणून हा जोड आधी टेबलावर तपासावा.

अ‍ॅल्युमिनियमच्या अपारदर्शक हाउसिंगला मात्र भोक पाडणे भाग आहे. त्यात एकतर पारदर्शक खिडकीचा किंवा तारेचा बल्कहेड, म्हणजे भिंतीतून आरपार जाणारा जलरोधक जोड, बसतो. १४ मिलिमीटर व्यासाच्या, १ मिलिमीटर पिचच्या (दोन आट्यांमधल्या अंतराच्या) आट्यांसाठी आधी १३ मिलिमीटरचे भोक पाडून टॅप, म्हणजे आटे पाडायचे हत्यार, फिरवतात. आतून नट लावायचा असेल तर आट्यांची गरज नाही. जागा ठरवताना कॅमेरा आत ठेवूनच खूण करावी. भिंत सपाट हवी, मुख्य ओ-रिंगची (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याची) खाच दूर हवी आणि नटाच्या जाडीइतकी मोकळी जागा आत हवी. पाणी अडवते ती बल्कहेडच्या कॉलरखालची ओ-रिंग, आटे नव्हेत. त्यामुळे आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळून काही साधत नाही. रिंग जिथे टेकते त्या पृष्ठभागावर आतून बाहेर जाणारा एक ओरखडाही पाणी आत आणतो. शिवाय कापलेल्या कडेवरचे अ‍ॅनोडायझिंग, म्हणजे धातूवरचा संरक्षक थर, गेलेले असते. तिथे ग्रीस न लावल्यास खाऱ्या पाण्याने पांढरी भुकटी धरते. पॉलिकार्बोनेटला भोक पाडायचेच झाले तर ड्रिल हळू फिरवावे, पाणी घालत राहावे आणि आट्यांना थ्रेडलॉक (आटे घट्ट धरणारा चिकट द्रव) लावू नये; त्याने प्लॅस्टिकला बारीक तडे जातात.

तारेच्या मार्गात मॅन्युअल फ्लॅशसाठी दोनच तारा पुरतात. जुन्या फ्लॅशच्या ट्रिगरवर शंभराहून जास्त व्होल्टही असू शकतात, म्हणून जोडण्याआधी मीटरने मोजावेत. स्ट्रोब आपोआप पेटू लागला तर प्लगमध्ये खारे पाणी शिरले असे समजावे. खारे पाणी वीज वाहते, आणि हिरवट गंज दिसेपर्यंत पिना बहुधा खराब झालेल्या असतात.

चाचणी कॅमेऱ्याविना करावी. हाउसिंगमध्ये टिश्यू कागद ठेवून ते बादलीभर गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवावे, मग शिसे बांधून होडीवरून दोरीने खाली सोडावे. २० मीटरवर भिंतीवर बाहेरून दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलोचा जादा दाब येतो. तरीही गळती बहुतेकदा पहिल्या मीटरभरातच होते, कारण खोलवर दाबच रिंगेला घट्ट बसवतो. रिंगेवरचा वाळूचा एक कण किंवा केस बाकी सगळे काम फुकट घालवतो. किनाऱ्यावरच्या वाऱ्यात हाउसिंग उघडणे म्हणूनच टाळावे. दमट हवेत बंद केलेल्या हाउसिंगची काच थंड पाण्यात गेल्यावर आतून धुरकटते. ती गळती नसते. कॅमेरा कोरड्या जागी भरून आत सिलिका जेलची पुडी ठेवली की पुरे.