कमलाबाईंचा बटाटा

११ फेब्रुवारीला, विज्ञानातल्या स्त्रियांच्या दिवशी, कमला सोहोनींची गोष्ट मोबाइलवर फिरतेच. १९३३ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण हटून बसली. शेवटी वर्षभर पारखून मग कायम करू, अशा अटीवर घेतलं. गोष्ट खरी आहे, पण ती इथेच संपवतात. पुढे केंब्रिजला बाईंनी शोधलं काय, हे कोणी सांगतच नाही.

बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी आढळलं. हे काय प्रकरण आहे?

अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन आपल्या पेशींतल्या मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरांत, हातोहात पुढे सरकत ऑक्सिजनपर्यंत जातात. वाटेत सुटणाऱ्या ऊर्जेवर एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनतं. या साखळीतला शेवटच्या टप्प्याचा हमाल म्हणजे सायटोक्रोम सी. शंभरेक अमिनो आम्लांचं इवलंसं प्रथिन, त्यात हीम नावाचा कडीसारखा रेणू, हीमच्या मधोमध लोहाचा एकच अणू. त्या अणूवरचा विद्युतभार +३ अवस्थेतून +२ मध्ये गेला की इलेक्ट्रॉन उचलला. पुन्हा +३ झाला की पोचवला. एका खेपेला एकच इलेक्ट्रॉन. ऑक्सिजनच्या एका रेणूचं पाणी व्हायला चार लागतात, म्हणजे खेपाही चार. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे: इलेक्ट्रॉन अंगावर असताना हे प्रथिन ५५० नॅनोमीटरजवळचा हिरवा प्रकाश ठळकपणे शोषतं, वर्णपटात तिथे काळी रेघ दिसते. ओझं उतरलं की रेघ पुसट!

म्हणजे बटाटाही आपल्यासारखाच श्वसन करतो, अंधाऱ्या पोत्यातसुद्धा. पिंपळही रात्री ऑक्सिजन घेतोच. त्याखाली भूत नसतं, आणि तो ‘चोवीस तास ऑक्सिजन सोडतो’ हेही खरं नाही. पाण्यातून ऑक्सिजन मोकळा करायला उजेड लागतो.

१९३९ मध्ये, जेमतेम चाळीस पानांच्या प्रबंधावर, बाईंना पीएच.डी. मिळाली. परतल्यावर डाळी, नीरा, दूध यांवरचं त्यांचं काम मोठं आहे.

त्यांच्यामागून बंगळुरूला मुली येऊ लागल्या. ॲना मणी तर थेट रामन यांच्याच प्रयोगशाळेत आल्या, हिरे-माणकांच्या वर्णपटांवर वर्षानुवर्षं राबल्या. १९४५ मध्ये त्यांनी प्रबंध दिला, तेव्हा मद्रास विद्यापीठाने कागद काढला: एम.एस्सी. नाही, पीएच.डी. मिळणार नाही. प्रबंधात चूक कोणी दाखवली नव्हती. पुढे हवामान खात्याच्या उपमहासंचालक झाल्या, तरी ती पदवी काही मिळाली नाही.