भोंडल्याची चाल (पुणे)

भोंडल्याची चाल : आश्विनात, हस्त नक्षत्राच्या दिवसांत, पाटावर काढलेल्या हत्तीभोवती फेर धरून मुली आणि सुना जी गाणी म्हणतात, त्यांचा पारंपरिक सूर व ठेका. पुण्यात या खेळाला भोंडला म्हणतात, सातारा-सांगली-कोल्हापूरकडे हादगा. विदर्भ-खानदेशातली भुलाबाई याच नात्यातली. गाणी पुष्कळ आणि चाली मोजक्या, हे या परंपरेचे मुख्य लक्षण. एकाच चालीवर देवाचे आवाहन होते, सासरचे गाऱ्हाणे होते आणि वेड्या नवऱ्याची फजितीही होते.

सूर्य २६-२७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त नक्षत्रात जातो आणि साधारण तेरा-चौदा दिवस तिथे असतो. या काळात पडणारा तो हत्तीचा पाऊस. पुणे जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यात रब्बीची भिस्त बरीचशी याच पावसावर असते, म्हणून मध्ये हत्ती. जुनी रीत सोळा दिवसांची : पहिल्या दिवशी एक गाणे आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असे चढत चढत सोळाव्या दिवशी सोळा. पुणे शहरात हा खेळ पुढे घटस्थापना ते दसरा एवढ्यात बसवला गेला, आणि आता पुष्कळ ठिकाणी एकाच संध्याकाळी उरकतो.

चालीची घडण

भोंडल्याला वाद्य नाही. बांगड्या, पावले आणि गळा एवढ्यावर सगळे चालते. सूर चार-पाच स्वरांच्या आत फिरतो आणि ओळ संपली की पुन्हा षड्जावर, म्हणजे मूळ ‘सा’वर, येऊन टेकतो. सात वर्षांच्या मुलीला आणि सत्तरीच्या आजीला एकाच पट्टीत गाता यावे, तर सूर याहून वर नेऊन चालणारही नाही.

खरी खुबी ठेक्यात आहे. एका ओळीला चार ठोके, आणि एका ठोक्याला एक पाऊल. पहिले गाणे सगळीकडे तेच :

ऐलमा | पैलमा | गणेश | देवा
माझा खेळ | मांडू दे | करीन तुझी | सेवा

पहिल्या ओळीत ‘देवा’ ही दोन अक्षरे आख्खे पाऊल व्यापतात, म्हणून ती लांबवावी लागतात. लगेच खाली ‘करीन तुझी’ची पाच अक्षरे तेवढ्याच वेळात कोंबावी लागतात. अक्षरे कमी-जास्त झाली तरी ठोके मात्र चारच राहतात. पुस्तकी वृत्तांच्या मापाने ही ओळ मोजायला गेले की ती लंगडी वाटते, आणि म्हणून पुष्कळांनी या गाण्यांना ‘ओबडधोबड’ म्हणून टाकले. पायाने मोजली तर एकही ओळ चुकत नाही. ‘पारवळ | घुमते | बुरुजा | वरी’ घ्या, ‘एक लिंबू | झेलू बाई | दोन लिंबं | झेलू’ घ्या, हिशेब बरोबर लागतो.

या मोकळीकीमुळेच साधे बोलणेही गाणे होऊ शकते. ‘श्रीकांता कमलकांता असं कसं झालं’ या गाण्यातली एक ओळ अशी : ‘तिकडून आला | वेडा त्याने | डोकावून | पाहिलं’. यात यमक नाही, अलंकार नाही. ओट्यावर बसून कोणी हकिगत सांगावी तसे वाक्य आहे, आणि तरी ते फेरात बेमालूम बसते. बायकोने लाडू केले तर वेडा ते चेंडू म्हणून खेळायला घेतो. पुढे करंज्या येतात, शेवया येतात, आणि प्रत्येक पदार्थाचे तो काहीतरी भलतेच करतो. या गाण्याला ठरलेला शेवट नाही. ज्या मुलीला नवा पदार्थ सुचतो ती चार ठोक्यांत तो बसवते, आणि बाकीच्या मुली ध्रुपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, उचलून धरतात.

सगळीच गाणी या साच्यातली नाहीत. ‘अक्कण माती चिक्कण माती’ हे साखळीगीत आहे : मातीत खड्डा, खड्ड्यात जाते, जात्यातून सपीट, सपिटाच्या करंज्या, करंज्यांचे तबक, तबकावर शेला, शेला पालखीत आणि पालखी माहेरी. मागच्या कडव्यातली वस्तू पुढच्या ओळीच्या तोंडाला येते, त्यामुळे गाणे पाठ करावे लागत नाही. ते आपले आपण पुढे सरकते. ‘कारल्याचं बी पेर गं सूनबाई’ हे दोन बाजूंचे गाणे. अर्धा फेर सासू होतो, अर्धा सून. सासू सांगते, बी पेर, मग माहेरी जा. सून बी पेरून विचारते, आता तरी धाडा. सासू म्हणते, वेल येऊ दे. मग फूल, मग कारले, मग भाजी. ओळीच्या शेवटी ‘माहेरा माहेरा’ किंवा ‘धाडाना धाडाना’ असा शब्द दोनदा येतो, आणि तिथे फेर क्षणभर रेंगाळतो. ‘यादवराया राणी रुसून बैसली कैसी’ संथ लयीत चालते. सासू, सासरा, दीर, जाऊ असे एकेक जण रुसलेल्या सुनेला समजवायला जातात, म्हणून त्याची लांबी घरातल्या माणसांच्या संख्येवर ठरते.

शब्दांचे थर

चालीचा कर्ता कोणी एक नाही, पण शब्दांवर काळाचे ठसे स्पष्ट आहेत. पुण्यात गायल्या जाणाऱ्या गाण्यांत असे चार थर तरी दिसतात.

सर्वांत जुना ‘ऐलमा पैलमा’चा. खेळ मांडला आहे वेशीच्या दारी, पारवळ घुमते आहे बुरुजावर. वेस आणि बुरूज असलेले हे गाव आहे, शहर नव्हे. पुढे गाणे पावसात शिरते : माळी शेताला गेला, येता-जाता पाऊस पडला, थेंबोथेंबी लोंब्या आल्या, अंगणात सात कणसे झाली, आणि ‘भोंडल्या तुझी सोळा वर्षं’. याच गाण्यात ‘आमच्या गावच्या भुलोजी नायका’ ही ओळ येते. पुण्याच्या पाटावर हत्ती असतो, भुलोजी कुठेच नसतो. तो विदर्भ-खानदेशातल्या भुलाबाईचा नवरा. पुण्याच्या मुली शतकभर तरी हे नाव घेत आल्या आहेत, आणि भोंडला, हादगा व भुलाबाई एका मुळातून फुटले असावेत याचा याहून चांगला पुरावा मला दुसरा दिसत नाही.

दुसरा थर सासर-माहेराचा, आणि तोच सर्वांत दाट. ‘अस्सं माहेर सुरेख बाई, खेळाया मिळतं, अस्सं सासर द्वाड बाई, कोंडून मारीतं’ या ओळी आज हसत हसत म्हटल्या जातात. ज्या काळी त्या रुळल्या तेव्हा गाणाऱ्यांचे वय लक्षात घ्यायला हवे. शरीरसंबंधासाठीच्या संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा करणारा कायदा १८९१ साली झाला, आणि त्यावरून सर्वांत मोठा गदारोळ पुण्यातच उठला. मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवणारा सारडा कायदा १९२९चा. म्हणजे फेरात उभी असलेली सून दहा-बारा वर्षांचीही असे, आणि ‘खेळाया मिळतं’ ही तिची अक्षरशः खरी मागणी होती. जात्यावरच्या ओवीत हेच दुःख येते, पण ओवी ही पहाटे एकटीने किंवा दोघींनी म्हणायची. भोंडल्यात तेच गाऱ्हाणे भर अंगणात, वीस जणींच्या आवाजात, सासूच्या देखत म्हणता येत असे. सासूला रागावता येत नसे, कारण ते गाणे होते, आणि तिनेही ते कधीकाळी म्हटलेले असे.

तिसरा थर शिवाजी महाराजांच्या गाण्याचा : तोरणा किल्ला, किल्ल्यात सात विहिरी, विहिरीत सात कमळे, ती भवानीमातेला वाहिली आणि तिने तलवार दिली. तोरणा पुणे जिल्ह्यातलाच, तेव्हा हे गाणे इथे घट्ट रुजले यात नवल नाही. त्याची घडण ‘अक्कण माती’सारखीच, एकातून एक निघणारी, मात्र भाषा पुष्कळ अलीकडची आहे.

चौथ्या थराची तारीख जवळजवळ सांगता येते. खेळ संपताना पुण्यात म्हणतात : ‘बाणा बाई बाणा, स्वदेशी बाणा, गाणे संपले खिरापत आणा’. वंगभंगाची, म्हणजे बंगालच्या फाळणीची, घोषणा झाल्यावर १९०५च्या ऑक्टोबरात पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. लोकमान्य टिळक आणि फर्ग्युसन कॉलेजात शिकणारे विनायक सावरकर तिच्याशी जोडलेले होते. दिवस दसऱ्याच्या सुमाराचे, म्हणजे ऐन भोंडल्याचे. घराघरात बोलला जाणारा शब्द फेरात शिरला, ‘आणा’ला ‘बाणा’ जुळला, आणि ती चळवळ ओसरून शंभरावर वर्षे झाली तरी खिरापतीच्या आधी स्वदेशीचा पुकारा चालूच आहे. इतिहासाची पुस्तके न वाचलेल्या बायकांनी जपलेली ही नोंद आहे, आणि तिला त्या मानाचा दर्जा मिळायला हवा.

गावोगावचे फरक

हादग्यात भिंतीवर समोरासमोर हत्तींचे चित्र लावतात, फळांच्या माळा घालतात, आणि सोळा दिवसांची रीत तिथे अधिक टिकली. गाणी बरीचशी पुण्यासारखीच, पण उच्चार घाटावरचे आणि ठोका अधिक ठसठशीत. भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत चालते. तिथे भुलाबाई-भुलोजींच्या मातीच्या मूर्ती मांडतात आणि मुली पुष्कळदा त्यांच्यापुढे बसून टिपऱ्यांवर ताल धरतात. पाय थांबले की चाल बदलते. फेरात ओळीच्या शेवटी श्वासाला जी जागा लागते ती बसून गाताना लागत नाही, म्हणून तिकडच्या ओळी एकमेकींत मिसळत जातात.

पुण्यातल्या पुण्यातही फरक आहेत. समाप्तीचे गाणे सगळीकडे ‘आड बाई आडोणी, आडाचं पाणी काढोनी’ याच ओळीने सुरू होते, पुढे ज्याची त्याची जोडणी. आडात सुपारी पडली तर भोंडला दुपारी, मासोळी पडली तर संध्याकाळी, कात्री पडली तर रात्री, आणि शिंपला पडला की संपला. कुठे चारही कडवी म्हणतात, कुठे एकदम शिंपल्यावर येतात. खिरापत ओळखण्याची पद्धत मात्र सगळीकडे एकच : झाकलेला डबा कानाशी हलवायचा आणि ‘तिखट की गोड’पासून विचारत जायचे. वाटली डाळ आवाज करत नाही, म्हणून ती ओळखायला अवघड. जाणत्या आया मुद्दाम तीच करतात.

वाड्यांतून मैदानात

सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांतल्या वाड्यांचे चौक ही या चालीची जुनी जागा. चौकाच्या चारही बाजूंना भिंती, त्यामुळे वीस मुलींचा आवाज घुमून परत येई आणि सूर सावरला जाई. १८८४ साली सुरू झालेल्या हुजूरपागेसारख्या मुलींच्या शाळांमुळे वेगवेगळ्या पेठांतल्या आणि जातींतल्या मुली एका फेरात आल्या, आणि घराघरातले पाठ एकमेकांत मिसळले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे गेले. पुढच्या दशकांत कोथरूड, सहकारनगर, औंध अशा भागांत सोसायट्या वाढल्या, आणि भोंडला वाहनतळात किंवा गच्चीवर गेला. तिथे आवाज परत येत नाही. ध्वनिक्षेपक येण्याचे हे खरे कारण, हौस नंतरची.

ध्वनिक्षेपकामागून पेटी-तबला आला, आणि आता ध्वनिमुद्रित गाणी लावून त्यावर फेर धरणारी मंडळे आहेत. नुकसान इथेच होते. ध्वनिमुद्रणातली लय ठरलेली असते, त्यामुळे ‘माहेरा माहेरा’वर रेंगाळता येत नाही, आणि ‘श्रीकांता’त कोणाला नवा पदार्थ सुचला तर तो घालायला जागा नसते. गाणारीची ऐकणारी होते. शेजारच्याच मैदानात गरबा आणि दांडिया जोरात असतो, त्याच्याशी बरोबरी करण्यासाठी भोंडल्याची लयही वाढवली जाते. पण चार ठोक्यांची ही चाल मुळात चालण्याच्या गतीची आहे, पळवली की तिची अक्षरे तुटतात.

याउलट, सूनबाईंची गाऱ्हाणी आजच्या मुलींना शिकवू नयेत, असेही काही जणांना वाटते, आणि काही ठिकाणी ती गाळून फक्त देवाची आणि खाण्याची गाणी ठेवतात. हे मला पटत नाही. त्या दहा-बारा वर्षांच्या मुलींनी स्वतःबद्दल जे थोडेफार मागे ठेवले आहे, ते याच कडव्यांत आहे. अर्थ समजावून ती म्हणावीत, नवी कडवीही जोडावीत. चालीला त्याची सवय आहे.

डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे जे प्रचंड संकलन केले, त्यामुळे या प्रकारच्या गाण्यांचे शब्द मोठ्या प्रमाणात छापले गेले. नवरात्रात अप्पा बळवंत चौकात भोंडल्याच्या गाण्यांच्या छोट्या पुस्तिकाही मिळतात. त्यांत शब्द असतात, ठोके नसतात; ‘देवा’ किती लांबवायचे आणि ‘करीन तुझी’ किती दाबायचे हे पुस्तिकेतून कळत नाही. फेरात शेजारणीचा हात धरला की पहिल्या दोन ओळींतच ते कळते, कारण तिचे पाऊल पडेपर्यंत आपल्याला पुढे जाता येत नाही.