गुजरीतला कार्बन

कोल्हापूरहून पाहुणे आलेले, मी सहज म्हटलं उद्या रविवार आहे, सकाळी गुजरीत चक्कर मारून येऊया, तर वहिनी पर्स घेऊन साडेआठलाच तयार. त्यांच्याकडं गुजरी म्हणजे सोन्याचांदीची दुकानं, आणि आमच्या बेळगावात कन्नडच्या शेजारानं गुजरी म्हणजे भंगार. तिथं पोचल्यावर त्यांचं तोंड बघण्यासारखं झालेलं.

तर त्या गुजरीत माझा एक ठरलेला भंगारवाला आहे. त्याच्या मनगटाला जुन्या स्पीकरचं चुंबक सुतळीनं बांधलेलं असतंय. चिकटलं की लोखंड, नाही चिकटलं की स्टेनलेस, ॲल्युमिनियम नाहीतर पितळ, विषय संपला. त्याच्या काट्यापुरतं ते बरोबरच आहे. पण ज्याला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी पेटवून चाकू, विळी, छिन्नी असलं काहीतरी ठोकत बसायचा नाद आहे (म्हणजे मी) त्याला चुंबक जवळजवळ काहीच सांगत नाही. बांधकामाची सळी पण चिकटते आणि बेअरिंगची रिंग पण चिकटते, आणि दोन्हीत जमीनअस्मानाचा फरक आहे.

हे लिहायला बसलो ते माझ्या निपाणीच्या भाच्यामुळं. त्यानं फोनवर एक व्हिडिओ बघितला, सळी लाल करायची, ठोकून चपटी करायची, पाण्यात चुर्रर्र करून बुडवायची, झाली तलवार. त्यानं तीन दिवस खपून टीएमटी सळीचा सुरा केला, दिसायला झकास, आणि पहिल्याच नारळावर त्याचं पातं केळीच्या पानासारखं वाकलं. फोन करून म्हणतोय, मामा, पाण्यात नीट बुडवलं नसेल काय? मी म्हटलं बाबा, तू कृष्णेत बुडवलास तरी तेच होणार.

कारण गरम करून पाण्यात बुडवलं की लोखंड कडक होतं, हा आपल्याकडचा सगळ्यात पक्का आणि अर्धवट समज आहे. लोखंड एकटं कडक होत नाही, त्यात कार्बन लागतो, आणि तो पुरेसा लागतो. सळीसाठी आपल्याकडं जे भारतीय मानक आहे त्यात एफई ५०० डी या प्रकारच्या सळीला कार्बनची कमाल मर्यादा ०.२५ टक्के आहे, मुद्दाम कमी ठेवलेला, कारण भूकंपात सळी वाकली पाहिजे, तुटता कामा नये, आणि वेल्डिंग पण जमलं पाहिजे. ट्रकच्या पाट्यात (म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांत) साधारण ०.५ ते ०.६ टक्के. बेअरिंगच्या रिंगेत आणि कानशीत १ टक्का किंवा थोडा जास्तच. म्हणजे शंभर किलोत पाव किलो की एक किलो, एवढाच सगळा खेळ. मी गुजरीत जातो ते खरं तर हा पाऊण किलो शोधायला.

आता माझा आवडता भाग, इथं जरा तग धरा.

लोखंडाचे अणू थंड असताना एका पद्धतीनं बसतात, घनाच्या आठ कोपऱ्यांत आठ आणि मधोमध एक. शुद्ध लोखंड ९१२ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की तेच अणू उठून दुसऱ्या पद्धतीनं बसतात, आठ कोपऱ्यांत आठ आणि घनाच्या प्रत्येक बाजूच्या मधोमध एकेक. लोखंड अजून घट्टच आहे, वितळलेलं नाही, आतल्या आत मांडणी बदलते. आणि गंमत अशी की ही दुसरी मांडणी जास्त दाट आहे. पहिलीत ६८ टक्के जागा अणूंनी भरलेली असते, दुसरीत ७४ टक्के. तरीपण कार्बन दुसरीतच जास्त मावतो! पहिलीत जेमतेम ०.०२ टक्के, दुसरीत २ टक्क्यांपर्यंत, म्हणजे शंभरपट.

हे कसं काय ते मला दिवाळीत बेळगाव-चंदगड गाडीत कळलं. लोक कसेही वाकडेतिकडे बसलेले असले की प्रत्येकाच्या पायाशी टीचभर मोकळी जागा असते पण तुमची पेटी कुठंच मावत नाही. कंडक्टर ओरडून सगळ्यांना नीट सरकवून बसवतो, गर्दी जास्त दाट होते, पण मागं एक सलग खाच निघते आणि पेटी तिथं बसते. एकूण रिकामी जागा कमी, पण आहे ती एकजागी. तापलेल्या पोलादात तसंच आहे, फटी कमी पण मोठ्या, आणि कार्बन आरामात आत जाऊन बसतो.

आता हा तुकडा हळूहळू थंड केला, राखेत पुरून ठेवला समजा, तर अणू परत जुन्या मांडणीत जातात, कार्बनला बाहेर पडायला सवड मिळते, तो लोखंडाशी जोडी करून बारीक पापुद्रे करून बसतो. एक थर मऊ लोखंडाचा, एक थर कडक कार्बाइडचा, चिरोट्यासारखं. असलं पोलाद कानशीनं घासता येतं, ड्रिल मारता येतं. पण तोच लालभडक तुकडा खटकन तेलात बुडवला तर? मांडणी बदलायची वेळ येते आणि कार्बनला हलायला वेळच नाही. लोखंडाचे अणू एका झटक्यात सरकतात, जवळजवळ आवाजाच्या वेगानं, आणि कार्बन जिथं होता तिथंच अडकतो, बारक्या फटीत, त्या पेटीसारखा. त्याच्यामुळं तो घन एका बाजूनं ताणला जातो, चौकोनी खोक्याचं उभं खोकं होतं. या अवस्थेला मार्टेन्साइट म्हणतात, आडोल्फ मार्टेन्स नावाच्या जर्मन माणसाच्या नावावरून. धातू वाकतो म्हणजे अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात, आणि इथं सगळीकडं पेट्या आडव्या आलेल्या, घसरणार कसे? म्हणून कडक, आणि म्हणूनच काचेसारखं ठिसूळ पण.

भाच्याच्या सळीत पेट्याच कमी होत्या. वर आणखी एक विनोद, टीएमटी सळीला कारखान्यातच पाण्याच्या फवाऱ्यानं बाहेरून कडक साल दिलेली असते, आत मऊ गाभा आणि वर ही साल, तिच्या ताकदीचं गुपितच ते. भाच्यानं भट्टीत घालून पहिलं काम काय केलं तर ती साल घालवली.

थोडं अजून खोलात जातो, ज्यांना कंटाळा आला त्यांनी पुढचा पॅरा सोडला तरी चालेल. साध्या कार्बन पोलादाला पापुद्रे करून बसायला ५५० अंशाच्या आसपास सेकंदभर पुरतो, म्हणजे तुम्हाला तो टप्पा सेकंदाच्या आत ओलांडायला लागतो, त्यासाठी पाणीच लागतं, आणि पाण्याच्या झटक्यात तुकडा तडकायची भीती. पण मँगनीज नाहीतर क्रोमियम घातलं की ते अणू पण हलायला लागतात, त्यांना वेळ लागतो, पापुद्रे बनायचं काम लांबतं, मग तेलाचा सावकाश झटका पण पुरतो. ट्रकचे पाटे बहुतेक सिलिकॉन-मँगनीज नाहीतर क्रोमियमवाल्या पोलादाचे, म्हणून ते तेलात होतात. पाट्याचं मार्टेन्साइट साधारण २८० अंशाच्या आसपास बनायला सुरुवात होते. म्हणजे तेलातून धूर निघताना तुकडा अजून कडक झालेलाच नसतो, त्या वेळेला पातं वाकडं दिसलं तर दोनचार सेकंदात सरळ करता येतं. मी हे वाचून करायला गेलो आणि हात भाजून घेतला ते वेगळं.

मग हा कार्बन भंगारात ओळखायचा कसा? ठिणग्यांवरून. ग्राइंडरला तुकडा टेकवला की उडालेला बारीक कण हवेत पेटतो, आतला कार्बन जळून वायू होतो आणि तो वायू कणाला फोडतो, दिवाळीच्या फुलबाजीसारखं. कार्बन कमी असला की लांब सरळ रेघा, फुलं अगदी तुरळक. पाटा लावला की रेघांना फाटे फुटतात. कानस लावली की चाकाजवळच झुडुपासारखी फुलंच फुलं. हायस्पीड स्टीलचं जुनं ड्रिल असलं की काळपट लाल रेघा, फूल जवळपास नाहीच, ते बाजूला ठेवायचं, घरच्या भट्टीचं ते काम नव्हे. दिवसा उन्हात काही दिसत नाही, सावलीत बघायला लागतंय. माझ्या खिशात ओळखीचे चार तुकडे कायम असतात, सळी, पाटा, कानस, बेअरिंग, नवीन माल त्यांच्या शेजारी लावून बघायचा. आणि शेवटची परीक्षा म्हणजे बोटभर तुकडा लाल करून तेलात मारायचा आणि व्हाइसमध्ये धरून हातोडा घालायचा. कडाक्कन तुटला आणि आत राखाडी मखमल दिसली तर माल चांगला, साखरेसारखे दाणे चमकले तर तुम्ही जास्त तापवलाय.

बेळगावात कार्बनला तसा तोटा नाही. उद्यमबागेत आणि मच्छेला फाउंड्र्या आणि मशीन शॉप, त्यामुळं इथल्या कुणालाही काश्टिंग (ओतीव लोखंड) काय असतं ते सांगावं लागत नाही. पण काश्टिंगमध्ये ३ टक्क्यांच्या वर कार्बन असतो म्हणून ते तर अजून भारी, असं कुणी समजू नका, एवढा कार्बन ग्रॅफाइटच्या पत्र्या होऊन बसतो आणि लाल करून घण घातला की बिस्किटासारखा भुगा. त्याचा उपयोग वेगळा, माझी भट्टीच ट्रकच्या जुन्या ब्रेकड्रमची आहे, आत खानापूरच्या मातीचा लेप आणि खालून हेअर ड्रायरचा वारा. मशीन शॉपमध्ये बारचे उरलेले तुकडे पडतात, एंडबिट म्हणतात, ते विचारून आणि पैसे देऊन घेतले तर त्यांचा ग्रेड पण कळतो, माझी ऐरण असल्याच एका ईएन-८ नावाच्या पोलादाच्या ठोकळ्याची आहे. गावाकडं हुक्केरी-संकेश्वर बाजूला झिजलेली रोटाव्हेटरची पाती मिळतात, त्यात कार्बन ०.३ टक्क्याच्या आसपासच पण चिमूटभर बोरॉन असतो, कुऱ्हाडीला बरी, वस्तऱ्याला नाही. आणि पाटे तर विचारू नका, तवंदी घाट आणि वंटमुरी घाट आहेत तोवर हायवेच्या गॅरेजात तुटके पाटे कमी पडणार नाहीत. ऊसतोडीचे कोयते आमच्या इथले लोहार कितीतरी वर्षं त्याच पाट्यांचे करतात. फक्त तुटक्या पाट्यात न दिसणाऱ्या बारीक चिरा असू शकतात, तुटल्या जागेपासून लांबचा भाग घ्यायचा.

रेल्वेचं लोखंड लई भारी, असं सांगणारे भेटतात. अमेरिकेतले लोक रुळाच्या खिळ्यांचे चाकू करताना दिसतात, त्या खिळ्यांत जास्तीत जास्त ०.३ टक्के कार्बन, म्हणजे भाच्याच्या सळीची सख्खी बहीण. आपल्याकडच्या रुळाच्या क्लिपा स्प्रिंग स्टीलच्या असतात हे खरं, पण तसलंच पोलाद गॅरेजात उघड्यावर मिळत असताना रुळाजवळ वाकायची गरज काय? चोरीची रेल्वे मालमत्ता नुसती जवळ सापडली तरी १९६६ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि ती क्लिप तिथं गाडी रुळावर राहावी म्हणून असते.

खानापूरजवळच्या एका लोहारमामांकडं मी पाजवायचं काम बघायला जातो. ते म्हणतात, अमक्या विहिरीच्या पाण्याचा गुण वेगळा. मी आधी हसायचो. पण पाणी खारं असलं तर त्यात खरंच फरक पडतो, तापल्या लोखंडाभोवती वाफेची चादर तयार होते आणि ती उष्णता अडवते, मीठ ती चादर फोडतं, म्हणून खाऱ्या पाण्यात तुकडा जास्त झपाट्यानं थंड होतो. एवढं मान्य. अमावास्येला पाणी द्यायचं, सापाचं विष पाजायचं, हे मात्र मला कुणी ठिणगीत दाखवावं. तीच गत ऑनलाइन मिळणाऱ्या, लाटांसारख्या नक्षीच्या दमास्कस सुऱ्यांची. ज्या वुट्झ पोलादावरून हे नाव मिरवतात ते दक्षिण भारतात मुशीत बनायचं, वुट्झ हा शब्दच बहुतेकांच्या मते कन्नड 'उक्कु'वरून गेलेला, आणि आता आम्हालाच ॲसिडनं रेघोट्या काढलेलं पातं दमास्कस म्हणून विकतात.

पाणी दिल्यावर पातं परत थोडं तापवायचं, २०० ते ३०० अंश, म्हणजे अडकलेल्या कार्बनपैकी थोडा सुटतो आणि ठिसूळपणा जातो. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर तेव्हा रंग चढतात, आधी गवताचा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. तो रंग पोलादाचा नव्हे, वरच्या गंजाच्या पातळ थराचा, पावसात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर दिसतो तोच प्रकार. चाकूला पिवळ्यावर थांबायचं, स्प्रिंगला निळ्यापर्यंत जायचं. मामा थर्मामीटर वापरत नाहीत, अंधाऱ्या कोपऱ्यात बसून नुसतं बघतात.

तेल मी शेंगदाण्याचं वापरतो, कोमट करून, भांड्याला लोखंडी झाकण हाताशी ठेवून, आणि पेटलं तर पाणी ओतायचं नाही. घरात वड्याचा वास पसरतो आणि वडे नसतात, त्यावरून होणारं बोलणं ऐकायची तयारी ठेवा. गॅल्व्हनाइज पाइप भट्टीत घालू नका, जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो. क्रोम चढवलेलं काहीही नको. शॉकॲबसॉर्बर, हायड्रॉलिक सिलिंडर, जे काही बंद आहे ते तापवलं की बॉम्ब.

परवा गुजरीत इंजिनाचा एक जुना व्हॉल्व्ह मिळाला. काही इंजिनांचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पोकळ असतात आणि आत सोडियम भरलेलं असतं, त्यामुळं तो कापायचा किंवा तापवायचा प्रश्नच नव्हता, नुसता गंमत म्हणून उचलला. त्याच्या दांड्याला भंगारवाल्याचं चुंबक पटकन चिकटलं, डोक्याला चिकटेना. दोन वेगळी पोलादं जोडून केलेला होता तो, आणि डोक्याच्या पोलादात निकेल, मँगनीज इतकं की ती तापल्यावरची दाट मांडणी थंडीत पण तशीच राहते, आणि त्या मांडणीला चुंबक चिकटत नाही. मी हे सगळं त्याला तिथंच उभं राहून समजावून सांगितलं, पेटी, गाडी, कंडक्टर सगळं. त्यानं व्हॉल्व्ह उलटासुलटा करून चुंबक दोनदा लावून बघितलं आणि म्हणाला, ते होय ओ सर, पण मी भाव कुठल्या टोकाचा लावू?