हरण्याची मुदत: पुनर्बांधणीतल्या संघाला प्रशिक्षक शोधताना

ऑगस्ट २०१३ मध्ये एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सने ब्रेट ब्राऊन यांना मुख्य प्रशिक्षक नेमलं, तेव्हा नवा हंगाम जेमतेम अडीच महिन्यांवर आला होता. संघातला सगळ्यात चांगला खेळाडू, ज्रू हॉलिडे, जूनमध्ये ड्राफ्टच्या, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, रात्रीच न्यू ऑर्लीन्सला देऊन टाकला होता. त्याच्या बदल्यात मिळालेला नर्लन्स नोएल गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे वर्षभर खेळणार नव्हता. जनरल मॅनेजर सॅम हिंकी यांनी हा संघ जिंकण्यासाठी जमवलाच नव्हता. हरणाऱ्या संघांना ड्राफ्टमध्ये निवडीचा वरचा क्रमांक मिळतो, म्हणून काही वर्षं हरायची त्यांची तयारी होती. ब्राऊन यांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनी करार चार वर्षांचा घेतला.

मला या प्रकरणात तो चारचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एखादा संघ मोडून नव्याने बांधायला काढला की चर्चा नावांची रंगते. जुनाजाणता आणायचा की तरुण सहायक, कॉलेजचा नावाजलेला गुरू की नुकताच निवृत्त झालेला खेळाडू? नाव महत्त्वाचं आहेच, पण त्याआधी एक प्रश्न सुटावा लागतो: मालक आणि जनरल मॅनेजर यांनी किती पराभव सोसायचं ठरवलंय, आणि ते येणाऱ्या माणसाला तोंडावर सांगितलंय का? एनबीएमधल्या बऱ्याच फसलेल्या नेमणुकांच्या मुळाशी हा न सुटलेला प्रश्न सापडतो.

सुरुवातीच्या काळात तो पडतच नसे, कारण संघ जमवणारा आणि शिकवणारा माणूस एकच असायचा. रेड आवरबाख १९५० मध्ये बॉस्टन सेल्टिक्सकडे आले, तेव्हा आदल्या हंगामात संघाने ६८ पैकी ४६ सामने गमावले होते. पहिलं जेतेपद १९५७ मध्ये, म्हणजे त्यांच्या सातव्या हंगामात आलं, आणि तेही बिल रसेल संघात दाखल झाल्यावर. सात हंगाम! आज एवढा वेळ कुणी देईल असं वाटत नाही. पुढे आवरबाख यांनी प्रशिक्षक म्हणून एकूण नऊ जेतेपदं मिळवली आणि १९६६ मध्ये ती जागा रसेललाच दिली. अमेरिकेच्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये मुख्य प्रशिक्षक झालेला तो आधुनिक काळातला पहिला कृष्णवर्णीय. ही नेमणूकही आवरबाख यांनी स्वतःच्या जबाबदारीवर केली.

पुनर्बांधणी हा शब्द आजच्या अर्थाने रुळला तो ड्राफ्टमुळे. तळाच्या संघाला उत्तम नवोदित मिळतो म्हटल्यावर हरण्यालाही किंमत आली. १९८४ पर्यंत दोन्ही विभागांतल्या शेवटच्या संघांमध्ये पहिल्या क्रमांकासाठी नाणेफेक होत असे. ह्यूस्टन रॉकेट्सने त्या वर्षी मुद्दाम सामने सोडले असा आरोप झाला आणि १९८५ पासून हे क्रमांक सोडतीने ठरवणारी लॉटरी आली. पुढे तिच्यात तळाच्या संघांना झुकतं माप मिळालं, आणि २०१९ पासून शेवटच्या तिन्ही संघांची पहिला क्रमांक मिळण्याची संधी प्रत्येकी १४ टक्के अशी सारखी केली गेली. प्रशिक्षकाच्या दृष्टीने मात्र नियमांपेक्षा एक गोष्ट मोठी होती. जनरल मॅनेजरला हरण्यातून काहीतरी मिळत होतं आणि प्रशिक्षकाच्या नावापुढे नुसते पराभव जमा होत होते. दोघे एकाच संघाचे, पण त्यांचे हिशेब वेगळे झाले.

हा फरक १९९७ च्या उन्हाळ्यात जितका उघडा पडला तितका एरवी क्वचितच दिसतो. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित टिम डंकन ड्राफ्टमध्ये येणार हे सगळ्यांना माहीत होतं. बॉस्टनने त्या हंगामात फक्त १५ सामने जिंकले होते. स्वतःचा आणि डॅलसकडून आलेला असे दोन क्रमांक हाती असल्यामुळे डंकन मिळण्याची सर्वाधिक शक्यता त्यांचीच होती. सॅन अँटोनियो स्पर्सचीही अवस्था वाईट होती. त्यांचा मुख्य खेळाडू डेव्हिड रॉबिन्सन दुखापतीमुळे हंगामात अवघे सहा सामने खेळला. डिसेंबर १९९६ मध्ये ३ विजय आणि १५ पराभव अशी सुरुवात झाल्यावर जनरल मॅनेजर ग्रेग पॉपोविच यांनी प्रशिक्षक बॉब हिल यांना नारळ दिला आणि त्या जागेवर स्वतःच बसले. लोकांना हे अजिबात रुचलं नव्हतं.

लॉटरीत डंकन सॅन अँटोनियोला गेला. बॉस्टनला तिसरा आणि सहावा क्रमांक मिळाला.

इथपर्यंत नशीब म्हणता येईल. पुढचं नशीब नव्हतं. बॉस्टनने केंटकी विद्यापीठातून रिक पिटिनो यांना आणलं होतं, दहा वर्षांच्या करारावर, आणि सोबत संघाचं अध्यक्षपदही दिलं. वेळ भरपूर, अधिकार पूर्ण. पण पिटिनो यांना धीर नव्हता. तिसऱ्या क्रमांकावर घेतलेल्या चॉन्सी बिलप्सला त्यांनी ५१ सामन्यांनंतर, पहिला हंगाम संपायच्या आतच, टोरांटोला देऊन टाकलं. बिलप्ससारख्या गार्डला, म्हणजे चेंडू खेळवणाऱ्या खेळाडूला, व्यावसायिक खेळ कळायला दोन-तीन वर्षं लागतात, ही काही गुप्त विद्या नव्हे. तोच बिलप्स २००४ मध्ये डेट्रॉइटला जेतेपद मिळवून देताना अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पिटिनो जानेवारी २००१ मध्ये राजीनामा देऊन गेले. चार हंगामांत १०२ विजय, १४६ पराभव, आणि बाद फेरी एकदाही नाही.

तिकडे पॉपोविच यांच्यावरही १९९९ च्या सुरुवातीला गंडांतर आलं होतं. डंकन आणि रॉबिन्सन दोघे असूनही पहिल्या १४ सामन्यांत ८ पराभव झाले, हकालपट्टीच्या अफवा उठल्या. संघाने त्यांना ठेवलं. त्याच हंगामात स्पर्सने पहिलं जेतेपद मिळवलं आणि पुढे आणखी चार. दहा वर्षांच्या करारातही घाई करता येते आणि करार कितीही असो, मालकाला वाईट महिना गिळता यावा लागतो. या दोन्ही गोष्टी एकाच उन्हाळ्यातून निघाल्या.

पिटिनो यांच्या आधी आणि नंतरही कॉलेजमधून प्रशिक्षक आणण्याचा मोह सुटला नाही. तर्क साधा असतो: आपला संघ कोवळा, आणि कोवळ्या मुलांना शिकवणं हेच कॉलेजच्या प्रशिक्षकाचं काम. प्रत्यक्षात कॉलेजात प्रशिक्षक मुलं स्वतः निवडतो, जेमतेम ३५ ते ४० सामने खेळतो आणि त्याचा शब्द अखेरचा असतो. व्यावसायिक लीगमध्ये ८२ सामने, खेळाडू दुसऱ्याने आणलेले, आणि त्यातल्या काहींचं मानधन प्रशिक्षकाच्या कितीतरी पट. मायकेल जॉर्डनचा काळ संपताना १९९८ मध्ये शिकागो बुल्सने आयोवा स्टेटचे टिम फ्लॉइड आणले. २००१ च्या डिसेंबरपर्यंत त्यांच्या खात्यावर ४९ विजय आणि १९० पराभव होते. फ्लॉइड यांना दोष देताना हे लक्षात ठेवायला हवं की त्या संघाकडून दुसरं काय होणार होतं? क्लीव्हलँडने २०१९ मध्ये मिशिगनचे जॉन बायलाइन आणले. पाच वर्षांचा करार होता, ५४ सामन्यांत त्यांनी स्वतःच पद सोडलं.

अपवाद आहे तो ब्रॅड स्टीव्हन्स यांचा. बटलरसारख्या छोट्या विद्यापीठाला लागोपाठ दोन वर्षं राष्ट्रीय अंतिम फेरीत नेणारा हा माणूस जुलै २०१३ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, बॉस्टनला आला. केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स ब्रुकलिनला गेले होते. सहा वर्षांच्या कराराचा अर्थ पहिल्या हंगामात कळला: २५ विजय, ५७ पराभव, आणि कुणी काही बोललं नाही. मग ४०, मग ४८, मग ५३ विजय. पिटिनो यांना दिलेले अध्यक्षपदाचे अधिकार स्टीव्हन्स यांच्याकडे नव्हते. संघ जमवण्याचं काम डॅनी एंज करत होते. माझ्या मते तिथेच खरा फरक पडला.

आता फिलाडेल्फियाकडे परत येतो. ब्राऊन यांच्या पहिल्या हंगामाची सुरुवात गतविजेत्या मायामीला हरवून झाली, पहिले तिन्ही सामने त्यांनी जिंकले. नंतर एका टप्प्यावर सलग २६ पराभव झाले. हंगामात एकूण १९ विजय, पुढच्या वर्षी १८, त्याच्या पुढच्या वर्षी १०. तिसऱ्या हंगामात पहिले १८ सामने गेल्यावर एक डिसेंबरला लेकर्सविरुद्ध पहिला विजय मिळाला. आणि त्याच डिसेंबरमध्ये, नावावर तो एकच विजय असताना, संघाने ब्राऊन यांचा करार वाढवला. बाहेरून पाहणाऱ्याला हे वेडेपण वाटलं असेल. पण दिलेला शब्द पाळणं याहून स्पष्ट कसं दिसेल? चार महिन्यांनी हिंकी यांनी राजीनामा दिला, ब्राऊन राहिले. २०१७-१८ मध्ये जोएल एम्बीड आणि बेन सिमन्स यांच्यासह ५२ विजय मिळाले. २०२० मध्ये बॉस्टनने पहिल्या फेरीत ४-० असं हरवल्यावर मात्र त्यांना जावं लागलं.

त्यांचं जाणं मला लागलं, पण नवल वाटलं नाही. पोरांना उभं करणारा आणि शिखरावर नेणारा वेगळा, हे या खेळात अनेकदा झालंय. डग कॉलिन्स यांनी शिकागोला १९८९ मध्ये विभागाच्या अंतिम फेरीत नेलं आणि त्याच उन्हाळ्यात त्यांना काढलं. त्यांचे सहायक फिल जॅक्सन यांनी पुढे सहा जेतेपदं घेतली. मार्क जॅक्सन यांनी गोल्डन स्टेटला ५१ विजयांपर्यंत आणलं, २०१४ मध्ये त्यांची गच्छंती झाली, आणि कधीच प्रशिक्षक नसलेल्या स्टीव्ह कर यांनी पहिल्याच हंगामात ६७ सामने आणि जेतेपद जिंकलं. म्हणूनच पुनर्बांधणीच्या संघाकडे जाणाऱ्या प्रशिक्षकाला मनात एक गोष्ट मान्य करावी लागते, की पिकाची कापणी कदाचित दुसरा करेल.

साक्रामेंटो किंग्जची कहाणी याच्या उलटी. २००६ ते २०२२ दरम्यान सलग १६ हंगाम बाद फेरी नाही, हा एनबीएतला विक्रम. त्या काळात प्रशिक्षक किती बदलले ते मोजताना बोटं अपुरी पडतात. २०१३ मध्ये नवे मालक विवेक रणदिवे यांनी माइक मलोन यांना आधी नेमलं आणि जनरल मॅनेजर नंतर. हा क्रमच उलटा. ज्याला संघ जमवायचा आहे त्याने न निवडलेला प्रशिक्षक पहिल्या खराब पंधरवड्यात एकटा पडतो. डिसेंबर २०१४ मध्ये ११ विजय, १३ पराभव असताना मलोन यांना काढलं, आणि मुख्य खेळाडू डीमार्कस कझिन्स मेंदूज्वराने आजारी होता याचाही विचार झाला नाही. त्याच हंगामात आणखी दोन प्रशिक्षक झाले. पुढच्या उन्हाळ्यात मलोन डेन्व्हरला गेले. तिथे ड्राफ्टमध्ये ४१ व्या क्रमांकावर निवडलेला निकोला योकिच नुकताच दाखल होत होता. विजय ३३, मग ४०, मग ४६. हा ४६ चा हंगाम तर शेवटच्या दिवशी, जादा वेळेत हरून बाद फेरी हुकवून संपला. बहुतेक संघांनी तिथेच पान उलटलं असतं. डेन्व्हरने उलटलं नाही. पुढच्या वर्षी ५४ विजय आले आणि २०२३ मध्ये जेतेपद. एकच माणूस, दोन संघ.

पैसा ओतून हा प्रश्न सुटतो का, याचं उत्तर डेट्रॉइटने २०२३ मध्ये शोधून पाहिलं. माँटी विल्यम्स यांना सहा वर्षांसाठी सुमारे ७.८५ कोटी डॉलर, तोपर्यंतचा सर्वांत मोठा करार. फिनिक्सला अंतिम फेरीत नेलेला, मान असलेला माणूस. पहिल्या तीनपैकी दोन सामने जिंकले आणि मग सलग २८ हरले, एका हंगामातला हा विक्रम. अठ्ठाविसाव्या रात्री बॉस्टनमध्ये मध्यंतराला ते १९ गुणांनी पुढे होते आणि जादा वेळेत हरले. १४ विजयांवर हंगाम संपला. नवा कार्यकारी प्रमुख आला आणि पाच वर्षांचा करार बाकी असताना विल्यम्स घरी गेले. नंतर आलेल्या जे. बी. बिकरस्टाफ यांना क्लीव्हलँडने नुकतंच काढलं होतं. त्यांनी पहिल्याच हंगामात ४४ विजय मिळवले. डेट्रॉइटच्या जुन्या चाहत्यांना इथे चक डेली आठवले असतील. तेही क्लीव्हलँडने ४१ सामन्यांत काढलेले, १९८३ मध्ये डेट्रॉइटला आले आणि दोन जेतेपदं देऊन गेले.

गेल्या काही वर्षांत मात्र निवडीची एक वेगळी वाट पडली आहे. २००१ मध्ये सुरू झालेली एनबीएची दुय्यम विकास लीग, आताची जी लीग, ही खेळाडूंइतकीच प्रशिक्षकांचीही शाळा झाली. तिथे प्रेक्षक थोडे, संघ दर आठवड्याला बदलतो, आणि चांगला खेळू लागलेला मुलगा वरच्या संघात निघून जातो. हरलो तरी मुलगा सुधारला की काम झालं, ही सवय तिथे अंगात मुरते. ओक्लाहोमा सिटी थंडरचे जनरल मॅनेजर सॅम प्रेस्टी यांनी जी लीगमधल्या त्यांच्याच ब्लू संघाला पाच वर्षं शिकवलेल्या मार्क डेग्नॉल्ट यांना नोव्हेंबर २०२० मध्ये मुख्य प्रशिक्षक केलं. वय ३५, खेळाडू म्हणून नाव नाही, कॉलेजात ते संघाचे विद्यार्थी व्यवस्थापक होते. पहिल्या हंगामात २२ विजय, ५० पराभव.

दुसऱ्या हंगामात, २ डिसेंबर २०२१ च्या रात्री, मेंफिसमध्ये थंडर १५२-७९ असं हरलं. ७३ गुणांचा फरक, एनबीएच्या इतिहासातला सर्वांत मोठा. संघाचा मुख्य खेळाडू शे गिल्जस-अलेक्झांडर दुखापतीमुळे खेळत नव्हता, पण असा आकडा पाटीवर लागल्यावर कारणं कोण ऐकतं? इतर कुठल्याही शहरात सकाळी पत्रकार परिषद झाली असती. ओक्लाहोमा सिटीत दुसऱ्या दिवशीही डेग्नॉल्टच प्रशिक्षक होते. तो हंगाम २४ विजयांवर संपला, तरीही तेच होते. मग ४० विजय, मग ५७, मग ६८. २२ जून २०२५ रोजी अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात थंडरने इंडियानाला १०३-९१ असं हरवलं, तेव्हा बाकावर गिल्जस-अलेक्झांडर आणि लू डॉर्ट यांच्याबरोबर तोच माणूस उभा होता.