मोटारचोरी-प्रतिबंध, इलेक्ट्रॉनिक

मोटारचोरी-प्रतिबंध, इलेक्ट्रॉनिक : अधिकृत किल्लीवाचून मोटारगाडीचे दार उघडू नये व एंजिन सुरू होऊ नये यासाठी गाडीत बसविलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, तसेच त्या यंत्रणेला फसविणाऱ्या चोरीच्या तंत्रांवरील उपाय. भोंगा वाजविणारे अलार्म, काच फुटल्याची सूचना देणारे संवेदक व उपग्रहाच्या साहाय्याने गाडीचा माग काढणारी साधने यांचीही गणना काही ग्रंथकार यातच करतात. परंतु ही साधने चोरी रोखत नाहीत, चोरीची वर्दी देतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः इमोबिलायझर (अधिकृत किल्लीवाचून एंजिन सुरू होऊ न देणारे साधन), चावीविरहित प्रवेश आणि गाडीतील अंतर्गत संदेशजाळे यांचा विचार केला आहे.

इतिहास : इमोबिलायझरचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. अमेरिकेत सेंट जॉर्ज इव्हान्स व एडवर्ड बर्केनब्यूल यांना १९१९ साली मिळालेल्या पेटंटकडे बरेच लेखक बोट दाखवितात. त्यात तीन ओळी व तीन स्तंभ अशी स्विचांची मांडणी होती. ठरविलेले स्विच लावले तरच स्पार्क प्लगला वीज मिळे, नाहीतर गाडीचा भोंगा वाजू लागे. मालकाला ही जुळणी हवी तेव्हा बदलता येई. एंजिन अडविण्याची कल्पना यात असली, तरी किल्लीची ओळख गाडीनेच पटवून घ्यावी हे आजच्या इमोबिलायझरचे मर्म तीत नव्हते. त्या दृष्टीने जनरल मोटर्सने १९८० च्या दशकाच्या मध्यास शेव्हरोले कॉर्व्हेट गाडीत आणलेली किल्ली अधिक जवळची पूर्वज ठरते. या किल्लीच्या दांड्यात एक विद्युत् रोधक बसविलेला असे व त्याचे मूल्य गाडी मोजून पाही. अशी मूल्ये अवघी १५ होती. पंधरा किल्ल्यांचा जुडगा बाळगणाऱ्या चोराला कधीतरी यश येणारच होते, मात्र चुकीची किल्ली लागताच यंत्रणा काही मिनिटे मुकी होई. तिचा खरा बचाव या विलंबात होता.

ट्रान्सपॉन्डर असलेली किल्ली १९९० च्या दशकात युरोपात रूढ झाली. तिच्या प्लॅस्टिकच्या मुठीत बॅटरी नसलेली एक चिप असते. किल्लीच्या खाचेभोवतीचे वेटोळे सुमारे १२५ किलोहर्ट्झ वारंवारतेचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते आणि त्यातूनच चिपला ऊर्जा मिळते. गाडी एक यादृच्छिक संख्या पाठविते, चिप आपल्याजवळच्या गुप्तसंख्येच्या आधारे तिचे उत्तर काढते, उत्तर जुळले तरच इंधनपुरवठा व प्रज्वलन सुरू होते. यूरोपीय समुदायाच्या १९९५ मधील निर्देशानुसार १९९८ पर्यंत तेथील नव्या मोटारींना इमोबिलायझर अनिवार्य झाला. ऑस्ट्रेलियाने २००१ मध्ये व कॅनडाने २००७ मध्ये तसाच नियम केला. नेदर्लंड्समधील आकडेवारीवर आधारलेल्या एका अभ्यासात १९९५–२००८ या काळात या साधनामुळे मोटारचोरीचे प्रमाण सरासरी सुमारे ४०% घटल्याचा निष्कर्ष काढण्यात आला आहे.

अमेरिकेत मात्र असा नियम झाला नाही. ह्युंदाई व किया या कंपन्यांनी तेथे २०२१ पर्यंत विकलेल्या, साध्या किल्लीच्या अनेक गाड्यांत इमोबिलायझर नव्हता. त्या पळविण्याची रीत दाखविणाऱ्या चित्रफिती २०२१–२२ मध्ये समाजमाध्यमांवर पसरल्या आणि चोऱ्यांची लाट आली. सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी दुरुस्तीची आज्ञावली देण्याची तयारी कंपन्यांनी २०२३ मध्ये दाखविली. याच कंपन्यांच्या कॅनडातील गाड्यांत नियमामुळे इमोबिलायझर होता. त्यामुळे उच्च तंत्राच्या चोरीची चर्चा करताना बिनतंत्राची चोरी संपली असे गृहीत धरता येत नाही.

सांकेतिक सुरक्षा व तिचा भेद : पहिल्या पिढीतील चिपांच्या गुप्तसंख्या आखूड होत्या आणि त्यांची गणितरीती कंपन्यांनी प्रकाशित केली नव्हती. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या एका प्रचलित चिपमध्ये गुप्तसंख्या ४० बिटांची, म्हणजे शक्यता सुमारे १.१ लाख कोटी होत्या. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ व आरएसए प्रयोगशाळा येथील संशोधकांनी २००५ मध्ये ती रीत उलगडली व अशा किल्लीची प्रतिकृती करून दाखविली. ४८ बिटांच्या हिटॅग-२ चिपची गुप्तसंख्या सहा मिनिटांत काढता येते हे २०१२ मध्ये सिद्ध झाले. मेगामॉस चिपवरील संशोधनाचा वाद थेट न्यायालयात गेला. फोक्सवॅगन समूहाच्या अर्जावरून इंग्लंडमधील उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निबंध रोखला. तो २०१५ मध्ये, एक वाक्य वगळून, प्रसिद्ध झाला. रीत गुप्त ठेवल्याने सुरक्षा वाढते हा उत्पादकांचा युक्तिवाद या क्षेत्रातील अभ्यासक बहुधा मान्य करीत नाहीत, व गेल्या दोन दशकांचा अनुभव अभ्यासकांच्याच बाजूचा आहे. टेस्लाच्या मॉडेल एस गाडीच्या किल्लीत २००५ मध्येच भेदलेली ४० बिटांची रीत वापरलेली आहे असे बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांना २०१८ मध्ये आढळले. ती किल्ली काही सेकंदांत नकलता येत होती. कंपनीने नंतर किल्ली बदलली व गाडी चालविण्यापूर्वी आकडे दाबण्याची सोयही दिली.

बटण दाबून दार उघडणारा रिमोट हा इमोबिलायझरहून वेगळा असतो. सर्वसाधारण लेखनात या दोहोंची गल्लत होते. रिमोट एकतर्फी संदेश पाठवितो आणि प्रत्येक वेळी संकेत बदलतो. असा बदलता संकेत वापरणारी कीलॉक ही रीत १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत तयार झाली व १९९५ मध्ये मायक्रोचिप या अमेरिकी कंपनीने विकत घेतली. २००७–०८ मध्ये तिचे गणितीय व वीजवापरावरून होणारे भेद प्रसिद्ध झाले. याहून सोपी युक्ती म्हणजे रिमोटचा संदेश गाडीपर्यंत पोहोचू न देता टिपून ठेवणे व नंतर वापरणे. तिचे एक स्वस्त उपकरण २०१५ मध्ये जाहीरपणे दाखविण्यात आले. मालक बटण दाबतो, दार लागत नाही, तो पुन्हा दाबतो, उपकरण हा दुसरा संकेतही टिपून गाडीला पहिला पाठविते, आणि दुसरा न वापरलेला संकेत चोराच्या हाती राहतो.

रिले हल्ला : चावीविरहित प्रवेशात किल्ली खिशातून काढावी लागत नाही. गाडीचा अल्प वारंवारतेचा संदेश एखाद-दुसऱ्या मीटरवरच पोहोचतो. किल्लीचे उत्तर मात्र ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, अधिक दूरवर जाते. किल्लीला संदेश ऐकू आला म्हणजे ती जवळ आहे, असे गाडी गृहीत धरते. हल्ल्यात हेच गृहीतक पकडलेले असते. एक चोर गाडीजवळ व दुसरा घराच्या दाराशी अँटेना घेऊन उभा राहतो. गाडीचा संदेश किल्लीपर्यंत व किल्लीचे उत्तर गाडीपर्यंत नेऊन पोहोचविले जाते. गुप्तसंख्या फोडावी लागत नाही. ती ४० बिटांची असो की १२८ बिटांची, उत्तर खऱ्या किल्लीनेच दिलेले असते.

या हल्ल्याच्या कल्पनेचे जनकत्व वादग्रस्त आहे. इंग्रज गणिती जॉन कॉनवे यांनी १९७६ मध्ये बुद्धिबळाचे उदाहरण दिले होते. खेळ न येणारा माणूसही दोन ग्रँडमास्टरांशी पत्राने एकाच वेळी खेळून, एकाची चाल दुसऱ्याला कळवीत राहिला, तर दोन्ही डाव हरत नाही. काही लेखक उगम येथे मानतात. दक्षिण आफ्रिकेच्या विमानदलाशी निगडित अशी एक युद्धकथाही या संदर्भात सांगितली जाते, परंतु तिच्या सत्यतेविषयी शंका घेतली गेली असल्याने ती पुरावा म्हणून धरता येत नाही. ओळख पटविण्याच्या यंत्रणेवरील हल्ला म्हणून स्पष्ट मांडणी ईव्हो डेस्मेट व त्यांचे सहकारी यांनी १९८७ च्या सुमारास केली, आणि हाच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक दिसते. कॉनवे यांच्या उदाहरणात ओळखीचा प्रश्नच नव्हता. मोटारींच्या बाबतीत निर्णायक ठरले ते झुरिक येथील ईटीएच संस्थेतील फ्रान्सियों, डानेव्ह व चापकुन यांचे २०११ मधील प्रयोग. ८ उत्पादकांची १० मॉडेले त्यांनी तपासली व सर्वच्या सर्व फसली. चोरांनी हे तंत्र या निबंधातून उचलले की स्वतंत्रपणे शोधले, हे निश्चित करता येत नाही.

यावरचा तात्त्विक उपाय हल्ल्याच्या मांडणीपाठोपाठ पुढे आला होता. प्रकाशाहून वेगाने संदेश जाऊ शकत नाही, म्हणून उत्तराला लागलेला वेळ मोजला की अंतराची कमाल मर्यादा कळते. बेट व डेस्मेट यांनी १९९० मध्ये वेळेची अट सुचविली, तर स्टेफान ब्रँड्स व डेव्हिड चॉम यांनी १९९३ मध्ये तिला काटेकोर रूप दिले. अडचण अचूकतेची होती. रेडिओ संदेश १ नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंमी. जातो, झुरिकच्या प्रयोगांतील काही गाड्या मात्र कित्येक मिलिसेकंदांचा उशीर चालवून घेत होत्या, आणि १ मिलिसेकंदात संदेश ३०० किमी. जाऊन पोहोचतो. अतिविस्तृत पट्ट्याच्या रेडिओमुळे, म्हणजे अल्ट्रा-वाइडबँडमुळे, हे मोजमाप किल्लीएवढ्या उपकरणात शक्य झाले. जॅग्वार लँड रोव्हरने अशी किल्ली २०१८ च्या सुमारास वापरात आणली. आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या संस्थेचे अशा रेडिओसाठीचे सुधारित मानक २०२० मध्ये व त्यावर आधारित मोबाइल-किल्लीचे मानक २०२१ मध्ये आले. हेही अभेद्य नाही. २०२२ मध्ये एका प्रयोगात १२ मीटरचे अंतर शून्य भासविण्यात आले, जरी यशाचे प्रमाण ४ टक्क्यांपर्यंतच होते. गाडीत अल्ट्रा-वाइडबँडची चिप असणे आणि दार उघडण्याचा निर्णय तिच्या मोजमापावर घेतला जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. विक्रीपत्रकांत हा भेद सहसा दिसत नाही.

किल्ली काही वेळ हलली नाही की तिला झोपविणारा गतिसंवेदक हा स्वस्त व परिणामकारक मध्यममार्ग आहे. रात्री टेबलावर पडलेली किल्ली मग कोणालाच उत्तर देत नाही.

कॅन जाळ्यात शिरकाव : गाडीतील नियंत्रक, म्हणजे तिचे निरनिराळे भाग चालविणारे छोटे संगणक, एकमेकांशी कॅन या जाळ्यावरून बोलतात. बॉश कंपनीने त्याचे काम १९८३ मध्ये सुरू केले व १९८६ मध्ये ते जाहीर केले. त्याच्या मूळ स्वरूपात एका संदेशात जास्तीत जास्त ८ बाइट माहिती मावते आणि संदेश कोणी पाठविला याची खूण त्यात नसते. बाहेरचा कोणी तारेपर्यंत पोहोचेल असे त्या काळी कोणी धरले नव्हते. २०२२ मध्ये लंडनमध्ये इयान टेबर या वाहनसुरक्षा संशोधकाचीच टोयोटा राव्ह-४ गाडी चोरीला गेली. आधी तिचा बंपर व पुढचा दिवा उचकटलेला आढळला होता. वाहनांतील संदेशजाळ्यांचे तज्ज्ञ केन टिंडेल यांनी २०२३ मध्ये त्यामागची रीत विशद केली : दिव्याच्या जोडणीतून जाळ्याला हात घालायचा, स्पीकरच्या खोक्यात दडविलेल्या उपकरणाने ‘किल्ली खरी आहे’ असा बनावट संदेश सोडायचा आणि इतर नियंत्रकांना बोलू द्यायचे नाही. किल्ली कोठे आहे हा प्रश्नच येथे उरत नाही. संदेशावर सांकेतिक मोहोर उमटविणे व बाहेरच्या भागातील तारा वेगळ्या जाळ्यावर ठेवून मध्ये गाळणी बसविणे हे यावरचे खरे उपाय. दोन्ही उत्पादकाच्या हातातील आहेत.

निदानासाठी दिलेल्या ओबीडी जोडणीतून कोरी किल्ली नोंदविण्याचा प्रकार याआधीचा, २०१० नंतरच्या काही वर्षांत युरोपात गाजलेला. त्या जोडणीला कुलूप घालणारी धातूची पेटी मिळते.

मालकाच्या हातातील उपाय : किल्ली धातूमिश्रित कापडाच्या पाकिटात ठेवण्याची शिफारस सर्वत्र आढळते. तिचे भौतिकीय स्पष्टीकरण मात्र बहुधा अर्धवट दिले जाते. अ‍ॅल्युमिनियममध्ये ४३३ मेगाहर्ट्झचा संदेश सुमारे ४ मायक्रोमीटर खोलीपर्यंतच शिरतो, म्हणून पातळ पत्राही किल्लीचे उत्तर अडवितो. १२५ किलोहर्ट्झला हीच खोली सुमारे ०.२३ मिमी. आहे, त्यामुळे पातळ अस्तर गाडीकडील संदेश तितक्या खात्रीने रोखत नाही. उत्तर अडले तरी काम भागते, परंतु अस्तर घडीवर फाटले की पाकीट निरुपयोगी होते. पाकिटातली किल्ली गाडीच्या दाराशी नेऊन ते अधूनमधून तपासावे लागते. अनेक गाड्यांत चावीविरहित प्रवेश बंद करण्याची सोय असते आणि ती पाकिटाहून भरवशाची आहे. दुसरी किल्लीही तितकीच असुरक्षित असते, हे सहज विसरले जाते. कॅन शिरकावापुढे या उपायांचा उपयोग नाही. तेथे सुकाणूचक्राला अडकविण्याचा दांडा, गिअरचे कुलूप किंवा ठराविक बटनक्रम दाबल्याशिवाय एंजिन चालू न देणारा, नंतर बसविलेला इमोबिलायझर कामी येतो. असा इमोबिलायझर बसविल्यास उत्पादकाची हमी व विमा यांवर होणारा परिणाम कंपनीगणिक वेगळा असतो.

नियमन : संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा १५५ क्रमांकाचा नियम जानेवारी २०२१ मध्ये अंमलात आला. यूरोपीय संघात तो जुलै २०२२ पासून नव्या मॉडेलांना व जुलै २०२४ पासून सर्व नव्या गाड्यांना लागू आहे. तो विशिष्ट उपकरण सांगत नाही, उत्पादकाने सायबर धोक्यांचे व्यवस्थापन कसे करावे ते सांगतो. पोर्शेने पेट्रोलवरील मकान गाडी तेथील बाजारातून मागे घेतली ती याच नियमामुळे. रस्त्यावर आधीच असलेल्या गाड्यांना तो लागू नाही. चोरीची इलेक्ट्रॉनिक साधने बाळगणे हाच गुन्हा ठरविण्याचे प्रयत्न कॅनडा व ब्रिटनमध्ये २०२४–२५ मध्ये झाले. यांपैकी काही उपकरणे किल्ली बनविणारे कारागीर व सुरक्षा-संशोधक हेही वापरीत असल्याने कायद्याची व्याप्ती कोठवर असावी यावर मतभेद आहेत.